गव्यांची घटलेली संख्या आणि तिची पुनर्वाढ

मुळशी तालुक्यातील जांबे, नेरे, मारुंजी या गावांच्या शेतकऱ्यास गवा म्हटला की तो कोल्हापूरकडील दाट रानातला प्राणी, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ९ डिसेंबर २०२० रोजी पुणे शहरातील कोथरूड भागात वाट चुकलेला एक गवा भर वस्तीत शिरला. बघ्यांची गर्दी जमली. घाबरलेले जनावर कित्येक तास गल्लीबोळांतून धावत राहिले. अखेर त्यास भुलीचे औषध देऊन पकडण्यात आले, तथापि ते वाचले नाही. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बावधनच्या बाजूस दुसरा गवा दिसला. या वेळी लोकांना दूर ठेवण्यात आले व गव्यास रानाकडे परतण्यास वाट मोकळी ठेवण्यात आली. बावधन हे जांब्यापासून फार दूर नाही. तेव्हा गवा हा आता केवळ दूरच्या अरण्याचा विषय राहिलेला नाही.

एके काळी पुष्कळ ठिकाणांहून नाहीसा झालेला हा प्राणी पुन्हा वाढू लागला तो कशामुळे, त्या वाढीचा भार कोणावर पडतो, आणि त्यात शेतकरी व ग्रामकार्यकर्ते यांचे कार्य कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गवा म्हणजे कोण?

गव्यास पुष्कळ लोक 'बायसन' म्हणतात. शिकारी साहेबांच्या काळापासून रूढ झालेले हे नाव शास्त्रदृष्ट्या बरोबर नाही. खरा बायसन अमेरिकेत व युरोपात आढळतो. त्याच्या अंगावर दाट लोकर असते आणि थंडी व बर्फ सोसण्याची त्याची शक्ती मोठी असते. गवा हा आपल्या गाईबैलांचा जवळचा नातलग आहे. ईशान्य भारतात पाळला जाणारा मिथुन हाही गव्याच्याच कुळातील होय. 'गवारेडा' असे आपण म्हणत असलो तरी म्हशीपेक्षा गाईशीच त्याचे नाते अधिक निकटचे आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण गाईबैलांना होणारे बहुतेक साथीचे रोग गव्यासही होतात.

पूर्ण वाढलेला नर खांद्याशी साडेपाच ते सहा फूट, क्वचित त्याहूनही उंच असतो आणि त्याचे वजन सहाशे ते हजार किलोपर्यंत भरते. खांद्यावरील उंचवटा, काळसर तकतकीत अंग व गुडघ्यापासून खाली पांढरे पाय या खुणांवरून तो सहज ओळखता येतो. मादीचा गाभण काळ सुमारे नऊ महिन्यांचा असून एका वेतात बहुधा एकच वासरू होते. यावरून असे दिसून येईल की रानडुकराप्रमाणे गव्याची संख्या एकदोन वर्षांत भराभर वाढत नाही. साथीत किंवा शिकारीत कळपातील माद्या गेल्या तर ती हानी भरून येण्यास अनेक वर्षे लागतात.

अमेरिकेचा अनुभव

कळप कसे नष्ट होतात व कसे पुन्हा उभे राहतात, याचा सर्वांत ठळक धडा अमेरिकेतील बायसनकडून मिळतो. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर एके काळी तीन कोटी किंवा त्याहूनही अधिक बायसन होते, असा अंदाज आहे. १८६९ मध्ये त्या खंडाच्या आरपार जाणारा रेल्वेमार्ग पुरा झाला. पुढे दोनतीन वर्षांतच बायसनच्या कातड्याचे कमावलेले चामडे कारखान्यांतील पट्ट्यांसाठी विकले जाऊ लागले. मग व्यापारी शिकाऱ्यांनी कातड्यासाठी लाखो जनावरे मारली व मांस जागीच कुजत पडू दिले. ज्या मूळ रहिवासी जमातींचे अन्न, वस्त्र व निवारा बायसनवर अवलंबून होता त्यांचाही त्यात सर्वनाश ओढवला. १८८९ मध्ये विल्यम हॉर्नडे यांनी अमेरिका व कॅनडा मिळून गणती केली, तेव्हा सारे धरून अकराशेच्या आसपास जनावरे उरली होती.

येथून पुढील कथा प्रदेशागणिक निराळी आहे. मोंटाना व टेक्सास या प्रांतांत काही पशुपालकांनी थोडी वासरे जगवून खासगी कळप राखले होते. यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानात १९०२ च्या सुमारास पंचवीसच्या आत रानटी बायसन उरले होते. त्यात खासगी कळपांतील २१ जनावरे आणून घालण्यात आली. १९०५ मध्ये 'अमेरिकन बायसन सोसायटी' स्थापन झाली. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून १५ बायसन रेल्वेने ओक्लाहोमा प्रांतातील संरक्षित कुरणात पाठविण्यात आले. त्याच वर्षापासून कॅनडाने मोंटानातील एक मोठा खासगी कळप विकत घेण्यास आरंभ केला. म्हणजे वाचविण्याचे बीज सरकारी रानात थोडे व पशुपालकांच्या कुंपणात अधिक होते.

आज अमेरिका व कॅनडा मिळून चार लाखांच्या आसपास बायसन आहेत; परंतु यांतील फार मोठा भाग मांसोत्पादनासाठी खासगी कुरणांत पाळलेला आहे. वन्य प्राणी म्हणून जोपासलेले बायसन सुमारे वीस ते तीस हजार आहेत आणि त्यांतीलही पुष्कळ कुंपणाच्या आतच आहेत. यलोस्टोनमध्ये त्यांची संख्या पाच हजारांच्या आसपास असते. तेथेही एक अडचण आहे. १९१७ मध्ये त्या कळपात सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा, रोग आढळला. हा रोग मुळात पाळीव गुरांकडून आला होता. आज हिवाळ्यात बर्फामुळे बायसन उद्यानाबाहेर उतरले की शेजारच्या पशुपालकांस आपल्या गुरांना तो रोग लागेल अशी भीती वाटते, आणि त्यावरून दरवर्षी तंटे होतात.

यातून दोन बोध घ्यावयाचे आहेत. पहिला असा की अगदी थोड्या जनावरांपासूनही, निवारा व संरक्षण मिळाल्यास, संख्या पुन्हा वाढू शकते. दुसरा असा की संख्या वाढली म्हणजे प्रश्न संपत नाही. रानटी कळप व गावची गुरे यांची सीमा जेथे मिळते तेथे नवा प्रश्न उभा राहतो.

सह्याद्रीतील गवा

आपल्याकडे गव्याचा ऱ्हास अमेरिकेइतका अल्पावधीत झाला नाही. पण कारणे बहुतेक तीच होती. शिकार, रान तोडून झालेली लागवड आणि साथीचे रोग यांनी गवा अनेक डोंगरांतून नाहीसा केला. कोल्हापूर संस्थानात दाजीपूरचे रान शिकारीसाठी राखीव होते. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत राधानगरी धरणाचे काम सुरू झाले, तेव्हा त्याच्या पाणलोटातील रानासही आपोआप काही संरक्षण लाभले. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये दाजीपूर येथे गव्यांसाठी अभयारण्य घोषित झाले. राज्यातील हे पहिले अभयारण्य मानले जाते. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य अस्तित्वात आले. त्याच वर्षी कोयना व चांदोली ही अभयारण्येही घोषित झाली. २००४ मध्ये चांदोलीस राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गव्यास पहिल्या अनुसूचीत स्थान दिले असून त्याची शिकार हा गंभीर अपराध आहे.

या संरक्षणाची किंमत माणसांनीही दिली आहे, हे विसरता कामा नये. कोयना व वारणा यांच्या खोऱ्यांतील अनेक गावे धरणांमुळे व पुढे अभयारण्यांमुळे उठली. त्यांची ओसाड पडलेली भातखाचरे व गायराने गवताने भरून आली आणि तीच आज गव्यांची कुरणे झाली आहेत. गवा हा केवळ दाट झाडीचा प्राणी नव्हे. त्याला सकाळ-संध्याकाळ चरण्यास गवत, दुपारी विसाव्यास सावली, बारमाही पाणी आणि खारट माती चाटण्याची जागा लागते. गवत, बांबू, कारवी व झाडांची कोवळी पाने यांवर तो राहतो. राधानगरीतील सडे व त्यांच्या कडेची झाडी यांमध्ये या सर्व गोष्टी जवळजवळ मिळतात, म्हणून तेथे गवा टिकून राहिला.

विदर्भातही ताडोबा, मेळघाट, पेंच व नवेगाव-नागझिरा येथे गवे आहेत. तेथे वाघाचे भक्ष्य म्हणूनही त्यांचे महत्त्व आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात बांधवगड येथून गवा १९९८ च्या सुमारास पूर्णपणे नाहीसा झाला होता. २०११ व २०१२ मध्ये कान्हा येथून ५० गवे आणून तेथे सोडण्यात आले व त्यांचा कळप पुन्हा वाढीस लागला. मुळशीच्या पश्चिमेस ताम्हिणी अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाले आहे. सह्याद्रीची डोंगररांग अखंड राहिली तर जनावरे एका रानातून दुसऱ्या रानात जाऊ शकतात. ती वस्त्या, रस्ते व कुंपणे यांनी तुटली म्हणजे वाट चुकलेले जनावर शहरात शिरते.

बुळकांडी आणि गवा

गव्याच्या पुनर्वाढीत एका गोष्टीचा उल्लेख क्वचितच होतो, ती म्हणजे गुरांना टोचलेली लस. जुन्या शेतकऱ्यांस बुळकांडीचे नाव घेताच आजही धास्ती वाटते. या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे होत. चरावयास रानात गेलेल्या गुरांकडून हाच रोग गव्यांत पसरे. दक्षिणेत बंदीपूर व मुदुमलाईच्या अरण्यांत १९६८ च्या सुमारास या रोगाने गव्यांचे मोठ्या प्रमाणावर मृत्यू झाले.

बुळकांडीविरुद्धच्या लढ्याचा आरंभ पुण्यातच झाला, ही आपल्या जिल्ह्यास अभिमानाची गोष्ट आहे. गुरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी १८८९ मध्ये पुणे येथे प्रयोगशाळा स्थापन झाली. ती १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली व आज ती भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. मुक्तेश्वर येथे रोगाचा विषाणू शेळ्यांच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन सौम्य करण्यात आला व त्यापासून लस तयार झाली. १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. गावोगावी फिरून कर्मचाऱ्यांनी कोट्यवधी गुरांना लस टोचली. भारतातील या रोगाचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला, आणि २०११ मध्ये संपूर्ण जग बुळकांडीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

रानातील एकाही गव्यास धरून लस टोचावी लागली नाही. गावची गुरे सुरक्षित झाली आणि त्याबरोबर गवाही सुरक्षित झाला. ज्या शेतकऱ्याने आपली बैलजोडी लसीकरणास आणली, त्याने नकळत राधानगरीचा कळपही वाचविला. अमेरिकेत अशा लसीच्या अभावी रोग कळपात मुरला आणि तंटा शंभर वर्षे चालू राहिला. दोहोंतील हा फरक सर्व ग्रामकार्यकर्त्यांनी गावकऱ्यांस समजावून सांगण्यासारखा आहे.

गणना कशी करतात?

महाराष्ट्रात वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळ मचाण बांधून प्राण्यांची नोंद घेण्याची पद्धत आहे. उन्हाळ्यात पाणी थोड्या जागी उरते आणि चांदण्यात जनावर स्पष्ट दिसते, हे त्यामागील कारण होय. परंतु एकच कळप दोन पाणवठ्यांवर येऊ शकतो, किंवा वळवाचा पाऊस झाल्यास पाण्यावर येतच नाही. म्हणून अशा एका रात्रीच्या आकड्यावरून संख्या वाढली वा घटली असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. अनेक वर्षांच्या नोंदी, ठरावीक पायवाटांवरून केलेली मोजणी व स्वयंचलित कॅमेरे यांच्या साह्याने अधिक विश्वसनीय अंदाज करता येतो. कळपात त्या वर्षाची वासरे किती आहेत, ही नोंद तर फारच उपयुक्त. कारण वाढ होत आहे की नाही हे त्यावरून कळते.

शेतकऱ्यावरील भार

अमेरिकेत बहुतेक कळप कुंपणात आहेत. आपल्याकडील गवा मोकळा आहे आणि रानाच्या कडेलाच शेत आहे. रानात रानमोडीसारख्या निरुपयोगी तणाने गवताची जागा घेतली, उन्हाळ्यात वणव्याने चारा जळाला किंवा झरे आटले, की तो संध्याकाळनंतर शेतात उतरतो. एका रात्रीत कळपाने केलेली भाताची, नाचणीची किंवा उसाची नासाडी लहान शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टांवर पाणी फिरवू शकते. गव्याचे रक्षण हे साऱ्या समाजाचे कार्य असेल तर त्याचा तोटा एकट्या सीमेवरील शेतकऱ्याने सोसावा, हे न्याय्य नाही. याच कारणाने शासनाने पीकहानी, पशुहानी व मनुष्यहानी यांबद्दल भरपाईची तरतूद केली आहे. ती वेळेवर मिळण्यासाठी नोंद वेळेवर होणे आवश्यक आहे, आणि येथेच ग्रामकार्यकर्त्याचे साह्य मोलाचे ठरते.

काय करावे?

१. लसीकरण चुकवू नये. लाळ-खुरकत, घटसर्प, फऱ्या व लम्पी त्वचारोग यांच्या लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरल्या वेळी टोचून घ्याव्यात. चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांस ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदाच द्यावयाची असते, ती संधी दवडू नये. रानालगतच्या गावांत एकही जनावर लसीवाचून राहू नये, असा प्रयत्न असावा.

२. आजारी जनावर रानात चरावयास सोडू नये व रानातील पाणवठ्यावर नेऊ नये. मेलेले जनावर ओढ्यात वा रानात न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे.

३. गोठ्यातच चारा देण्याची सवय वाढवावी. बांधावर व पडीक जागेत वैरणीचे गवत लावल्यास रानावरील भार कमी होतो आणि गव्यास रानातच चारा उरतो.

४. रानास वणवा लावू नये. आग लागल्यास ताबडतोब वन कर्मचाऱ्यांस कळवावे.

५. कुंपणात विजेच्या तारेचा थेट प्रवाह कदापि सोडू नये. त्याने गव्याबरोबरच शेजाऱ्याचा, आपल्या मुलाबाळांचाही जीव जातो, आणि तो अपराध आहे. त्याऐवजी सौर कुंपण वापरावे. त्यात प्रवाह क्षणभर ठोक्याठोक्याने वाहत असल्याने जनावरास झटका बसतो पण ते मरत नाही. तारेस गवत टेकले की झटक्याचा जोर जातो, म्हणून तारेखालील गवत नियमित कापावे. एकट्याने एकेक शेत वेढण्यापेक्षा अनेकांनी मिळून रानाच्या बाजूने सलग कुंपण करणे अधिक किफायतशीर व उपयोगी असते. अनुदानाबाबत जवळच्या वन परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी.

६. नुकसान झाल्यास पीक न हलविता, पायांचे ठसे न मोडता, त्याच दिवशी वन कार्यालयास कळवावे व पंचनामा करून घ्यावा. सात-बाराचा उतारा व बँकेच्या पुस्तकाची प्रत तयार ठेवावी. अर्ज लिहिणे ज्यांना जमत नाही त्यांस ग्रामकार्यकर्त्यांनी साह्य करावे.

गवा गावात आला तर

गवा सहसा होऊन अंगावर येत नाही. त्यास कोंडीत पकडले, कुत्री सोडली किंवा मादीजवळ लहान वासरू असले, तर मात्र तो हल्ला करतो. एकटा फिरणारा नर विशेष सांभाळण्याजोगा असतो. जोराने फुत्कार टाकणे, मान खाली घालणे, आडवे उभे राहून आपले धिप्पाड अंग दाखविणे ही इशाऱ्याची चिन्हे होत. अशा वेळी न धावता हळूहळू मागे सरावे.

गावात गवा दिसताच १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. मुलांना घरात घ्यावे, कुत्री बांधावीत, रानाच्या दिशेची वाट पूर्ण मोकळी ठेवावी. दगड मारणे, आरडाओरड करणे, मोटरसायकलने पाठलाग करणे, छायाचित्रासाठी जवळ जाणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. याचे कारण शास्त्रीय आहे. एवढे अवजड जनावर भीतीने दीर्घकाळ धावत राहिले की त्याच्या अंगातील उष्णता फार वाढते, रक्तात आम्ल साठते व स्नायूंचे तंतू तुटू लागतात. त्यातून निघालेली विषारी द्रव्ये मूत्रपिंड व हृदय यांवर आघात करतात. मग पकडल्यानंतर, कित्येकदा बाहेरून मोठी जखम नसतानाही, ते दगावते. भुलीच्या औषधाने हा धोका वाढतो. म्हणून गर्दी आवरणे हाच पहिला उपचार होय. २०२१ च्या डिसेंबरात सांगली शहरातील मार्केट यार्डात शिरलेल्या गव्यास वाहनात घेऊन सुखरूप रानात सोडण्यात आले. संयम राखला तर हे साधते.

उपसंहार

अमेरिकेने बायसन वाचविला तो बहुतांशी कुंपण घालून. आपल्याकडे गवा वाचला तो राखीव रान, कायदा, गुरांचे लसीकरण आणि रानालगतच्या शेतकऱ्याची सहनशीलता या चार आधारांवर. यांपैकी पहिले दोन शासनाच्या हाती आहेत. तिसरा पशुवैद्यक व शेतकरी यांच्या सहकार्यावर अवलंबून आहे. चौथा आधार मात्र गृहीत धरण्याजोगा नाही. नुकसानीची नोंद, भरपाई, कुंपण व योग्य सल्ला वेळेवर मिळाला तरच ती सहनशीलता टिकेल. ग्रामकार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील लस न टोचलेल्या जनावरांची यादी करावी आणि रानाकडील शेतांची पाहणी करावी. गावात गवा आला तर कोणी काय करावयाचे, हे ग्रामसभेत आधीच ठरवून ठेवावे. जांब्यासारख्या गावात ही वेळ कधी येईल वा न येईल; पण आलीच, तर गाव तयार असावे.